आईचं उरलेलं काम

"मॅडम, रात्रभर रडतं." नाहीतर, "मॅडम, घरभर घाण करतं." घरात पाळायचं कुत्र्याचं पिल्लू घेऊन दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाची तक्रार या दोनपैकी एक असते. पिल्लाला खरोखरचा आजार असतो, तेव्हाही तो बऱ्याचदा याच दोन वाक्यांच्या आड लपलेला असतो.

मी हिंगोली जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी आहे. शिक्षण परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झालं आणि नोकरीची बरीच वर्षं सेनगाव-कळमनुरीकडच्या गावांमध्ये गेली. कामाचा मोठा वाटा गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांचा. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लसी, लाळ्या-खुरकुताची मोहीम, मधूनच अडलेली गाय, कोवळी ज्वारी खाऊन विषबाधा झालेली म्हैस. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा तर कितीतरी आठवडे गोठ्यांशिवाय काही पाहिलं नाही. पण गेल्या काही वर्षांत याच रांगेत बाजाराच्या पिशवीतून, बुटाच्या खोक्यातून, एखाद्याच्या जर्किनच्या आतून छोटी पिल्लं येऊ लागली आहेत. सगळ्यांत जास्त असतं ते पांढरं स्पिट्झ. लोक त्याला पॉमेरियन म्हणतात. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी याच जातीचा, त्यामुळे आजच्या आईबापांच्या मनात ते लहानपणापासून बसलेलं आहे. त्याच्या मागोमाग पग, आणि क्वचित एखादं शित्झू. कोणी नांदेडहून आणलेलं, कोणी अकोल्याहून, कोणी हैदराबादहून.

वय विचारलं की "महिन्याचं" असं उत्तर येतं. पिल्लू जितकं लहान आणावं तितका लळा लवकर लागतो, हा समज पक्का आहे, आणि तो विकणाऱ्याच्या सोयीचाही आहे. आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे केंद्र सरकारचे नियम आहेत. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हा नियम मी घेणाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांना तो कागदोपत्रीचा वाटतो. म्हणून नियमाऐवजी आता मी त्यांना कुत्रीबद्दल सांगते.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला स्वतःहून लघवीसुद्धा करता येत नाही. आई त्याचं पोट आणि शेपटीखालची जागा चाटते तेव्हा ती होते, आणि जे बाहेर पडतं तेही आईच चाटून साफ करते. म्हणून चांगल्या कुत्रीची व्यायची जागा पहिले दोन-तीन आठवडे कोरडी असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पिल्लांचे डोळे-कान उघडलेले असतात, पाय धरू लागतात, आणि ती डुलत डुलत झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन बसायला लागतात. जन्मल्यापासून कोरड्यात झोपलेल्या पिल्लाला ओल्यात झोपवत नाही, एवढं साधं कारण. पुढचे चार-पाच आठवडे आई आणि भावंडं मिळून ही सवय पक्की करतात. चावताना किती जोर लावायचा, हेही त्याच आठवड्यांत कळतं, कारण जोरात चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ सोडून जातं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम करून १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू कुणाला आपलं मानायचं हे ठरवतं, हा त्यांचा निष्कर्ष आजही आमच्या शिक्षणात असतो. म्हणजे आठव्या आठवड्यात आणलेल्या पिल्लाला माणसाचा लळा लागायला भरपूर वेळ उरलेला असतो. तिसाव्या दिवशी उचललेल्या पिल्लाचं आईकडचं शिक्षण मात्र अर्ध्यावर तुटलेलं असतं.

घरात आणलेल्या पिल्लाला कोरडं राहायला शिकवायला मी झोपायचा पिंजरा सांगते, आणि त्या पिंजऱ्याची सगळी रीत याच एका गोष्टीवर उभी आहे. झोपायची जागा ओली करायची नाही, हे आईनं सुरू केलेलं काम आपण पुढे न्यायचं. पिंजऱ्यात स्वतःची अशी काही जादू नसते. जिथे पिल्लू विक्रेत्याकडे पाच-सहा जणांबरोबर आपल्याच घाणीत झोपत आलेलं असतं, तिथे कोरड्या जागेची ही आवड बोथट झालेली असते. अशा पिल्लाला पिंजऱ्यात ठेवलं तर ते तिथेच लघवी करतं आणि तिथेच झोपतं, आणि घरची माणसं म्हणतात की हे बिनडोक आहे. ते बिनडोक नसतं. त्याच्या बाबतीत पुढे न्यायला हातात काही उरलेलं नसतं, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आपल्या भागात कुत्र्यावर माया नाही, असं कोणी म्हणू नये. सेनगावच्या रस्त्याला लागलं की नरसी येतं, संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा इथल्या लहान मुलालाही माहीत असते. दारातल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकल्याशिवाय न जेवणारी घरं मी पाहिली आहेत. पण ते कुत्रं दारातलं असतं. ओसरीवर झोपतं, रात्री आखाड्यावर जातं, सकाळी आपल्या आपण शेतात जाऊन येतं. त्याला कुठे बसायचं हे शिकवायची वेळ कुणाच्या आजा-पणज्यावर आली नाही. फरशीच्या घरात, बंद दाराआड, सोफ्याशेजारी कुत्रं वाढवणं हे इथे पहिल्याच पिढीत घडतं आहे. त्यामुळे विचारायला घरात कोणी जुनं माणूस नाही आणि मग मोबाइल जे सांगेल ते खरं मानलं जातं.

पिंजरा कसा घ्यावा, यावर मी बराच वेळ घालवते, कारण तिथेच पुढचं बरंच काही ठरतं. जाळीचे घडीचे पिंजरे ऑनलाइन येतात. काही जण वेल्डिंगवाल्याकडून करून घेतात. विकत घेणारे हौसेनं मोठाच मागवतात. पिल्लाला त्यात उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. त्याहून जास्त जागा असली की ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात लघवी करतं, आणि मग पिंजरा असून नसल्यासारखा. मोठा घेतलाच असेल तर मध्ये जाड पुठ्ठ्याची भिंत घालायची आणि पिल्लू वाढेल तशी ती मागे सरकवायची. छोट्या जातीचा एक फायदा आहे, मोठेपणीही त्याला तोच पिंजरा पुरतो. विकत घेणं जमत नसेल तर टोमॅटोच्या कॅरेटवरही पहिले काही आठवडे छान निघतात, फक्त ते आडवं ठेवून पुढे उघडझाप होईल अशी जाळी बांधायची.

तळाला नुसती जाळी नको. छोट्या पिल्लाचा पंजा त्यात अडकतो आणि उघड्या तारेवर झोपून कोपरांना जखमा होतात. पुठ्ठा आणि त्यावर धुतलेलं सुती कापड. पिंजऱ्यात असताना गळ्यातला पट्टा काढायचा, तो जाळीच्या तारेत अडकून गळफास बसू शकतो. पाण्याचं भांडं जाळीला टांगायचं.

आणि पिंजरा ठेवायचा कुठे? जिन्याखाली नाही, गच्चीवर नाही, वऱ्हांड्यात तर नाहीच. माणसं झोपतात त्याच खोलीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात दुपारी लाइट गेली की कूलर बंद आणि खोलीची भट्टी. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही. अशा दुपारी बंद पिंजऱ्यात राहिलेलं पिल्लू अर्ध्या तासात उष्माघातानं जाऊ शकतं. म्हणून मार्च ते जून या काळात घरात माणूस नसताना दाराला कडी लावायचीच नाही, हा माझ्याकडचा न बदलणारा नियम आहे.

आता ती दोन वाक्यं. "घाण करतं" असं कोणी म्हटलं की मी आधी जेवण विचारते. दूध-पोळी, दूध-भाकरी, दुधात बुडवलेली ग्लुकोजची बिस्किटं, हे उत्तर जवळजवळ ठरलेलं. आईचं दूध सुटल्यावर गाई-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि पातळ शी होते. पातळ शी होणाऱ्या पिल्लाला कुठलाही पिंजरा कोरडं राहायला शिकवू शकत नाही, कारण त्याला धरून ठेवताच येत नाही. त्यात जंत. गोल जंत आईच्या पोटातूनच आणि तिच्या दुधातून पिल्लात उतरतात, त्यामुळे "घरचंच आहे, बाहेर कुठं गेलं नाही" या म्हणण्याला काही अर्थ नसतो. दूध बंद, जंताचं औषध, भात-अंडं किंवा पिल्लांचं तयार खाद्य दिवसातून चार वेळा थोडं थोडं, एवढ्यानं आठवड्याभरात निम्म्या घरांची तक्रार संपते. शिकवणं त्यानंतर सुरू करायचं.

पिल्लाला धरून ठेवण्याची मर्यादा असते. आमच्यात एक ढोबळ हिशेब आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. आणि ही वरची हद्द झाली. उठल्या उठल्या, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच न्यावं लागतं. न्यायचं कुठे, हा आमच्याकडचा अडचणीचा प्रश्न. लसी पूर्ण व्हायच्या आत रस्त्यावर नेलं तर पार्व्हो हा जिवावरचा विषाणू लागायची भीती. सहा-आठ आठवड्यांपासून साडेतीन-चार महिन्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं त्याच्या लसी आणि तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची, एवढं होईपर्यंत गल्ली नको. म्हणून मी न्हाणीचा कोपरा सांगते, किंवा पसरट ट्रेमध्ये परसातली माती. तिथे नेलं, झालं, की तिथल्या तिथे कौतुक आणि खाऊचा कण. चुकून घरात झालं तर नाक घासायचं नाही, मारायचं नाही. मार खाल्लेलं पिल्लू लघवी थांबवायला शिकत नाही, माणसासमोर करू नये एवढंच शिकतं, आणि मग दिवाणामागे जाऊन करतं.

राहिलं "रात्रभर रडतं." "रडू द्या, दोन दिवसांत गप्प होतं," हा सल्ला मोबाइलवरून आता तांड्या-वाडीपर्यंत पोचला आहे. मी तो देत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू रात्री रडतं त्याची कारणं चार. लघवी लागली, थंडी वाजते, पोट रिकामं झालं, किंवा आयुष्यात पहिल्यांदा ते एकटं झोपलं आहे. चारही खरी आहेत. त्यातलं तिसरं तर जिवावरचं. किलोभर वजनाच्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फारसा नसतो. रात्रीचं जेवण आठला झालं आणि सकाळी आठपर्यंत काही मिळालं नाही, तर ते थरथरतं, लुळं पडतं, झटके येतात. गप्प झालं म्हणून घरचे समाधानानं झोपलेले असतात आणि सकाळी माझ्याकडे थंडगार पिल्लू येतं. हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळून, सलाईन लावून त्यातली काही वाचतात. म्हणून शेवटचं खाणं झोपायच्या थोडं आधी, पहिलं पहाटे, आणि मध्ये एकदा उठून न्हाणीत. या मधल्या उठण्यात दिवा मोठा करायचा नाही, खेळायचं नाही, बोलायचं नाही. झालं की परत आत.

आणि पहिल्या काही रात्री पिंजऱ्याला लागून माणूस झोपायला हवा. हात लांबवला की बोट जाळीतून आत जाईल, इतक्या जवळ. आपल्याकडे जमिनीवर अंथरूण घालून झोपायची पद्धत आहे, तिचा इथे मोठा उपयोग होतो. पलंगावरच्या माणसाला हे जमत नाही.

कळमनुरी तालुक्यातल्या एका घराची मला नेहमी आठवण येते. नवरा-बायको नोकरीवर, दोन मुलं, आणि नवऱ्याची आई. मुलांच्या हट्टानं स्पिट्झचं पिल्लू आलं होतं. आजींचा घरात कुत्रं घ्यायला विरोध, कारण देवघर त्याच खोलीत. पिंजरा पाहून तर त्या आणखी चिडल्या. मी लस द्यायला घरी गेले तेव्हा मलाच विचारलं, "काहून कोंडता गं त्या लेकराला? काय चोरी केली त्यानं?"

मी त्यांना आईचं, चाटण्याचं, कोरड्या जागेचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे करडं डालतो तसं की. डाल्याखाली करडू गुमान झोपतंय. पण डालं टाकून गावाला गेलं तर मरंल ना ते. आपुन तिथंच पायजे."

मला जे सांगायला एवढा वेळ लागत होता ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. शेळ्या राखलेल्या बाईला ते आधीच ठाऊक होतं. तेव्हापासून मी गावात बोलताना डाल्याचंच, म्हणजे करडांवर पालथ्या घालायच्या टोपलीचंच, उदाहरण देते.

पुढे त्या घरात रात्रीचं उठणं आजींकडेच गेलं. म्हाताऱ्या माणसांना रात्री दोन-तीनदा जाग येतेच, पहाटे चारला तर त्या उठूनच बसलेल्या असतात. सून-मुलगा गजर लावून उठायचे, चिडचिड करायचे, पिल्लालाही ती जाणवायची. आजी आपल्या वेळेला उठायच्या आणि पिल्लाला काखेत घेऊन न्हाणीत जायच्या. देवघराचा प्रश्न त्यांनीच सोडवला. पिंजऱ्याचं तोंड दुसऱ्या भिंतीकडे केलं आणि मध्ये एक जुना पडदा सोडला. ज्या घरात असं माणूस आहे त्या घरातलं पिल्लू लवकर कोरडं राहायला लागतं, हे मी नंतरही पुष्कळ ठिकाणी पाहिलं. आता मी घरात कोण कोण आहे हे विचारताना वयंही विचारते.

दिवसाचं शिकवणं त्या मानानं सोपं. दार बंद करायच्या आधी उघड्या दाराचा पिंजरा पिल्लाला आवडायला हवा. जेवणाची ताटली आत. खेळणं आत. ते आपणहून जाऊन झोपायला लागलं की दार लोटायचं, माणूस समोर बसलेला. मग कडी, मग माणूस स्वयंपाकघरात, मग बाहेरच्या ओट्यावर. हे दिवसांच्या हिशेबानं होत नाही, त्या त्या पिल्लाच्या हिशेबानं होतं. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात घालायचं नाही, आणि मुलांना सांगून ठेवायचं की ते आत असताना हात घालायचा नाही, काठीनं ढोसायचं नाही.

इतकं सगळं सांगून झाल्यावरही एक गोष्ट मला सतत डाचते. पिंजरा सोयीचा असतो, आणि सोय माणसाला पुढे पुढे नेते. तालुक्याच्या गावातल्या एका घरी दोघंही सकाळी दहाला निघायचे आणि सहाला परतायचे. पिल्लू गॅलरीत, पिंजऱ्यात. सुरुवातीला दोन तास, मग पाच, मग दिवसभर आणि रात्रीही, कारण "त्याला आता सवय झाली, काही त्रास देत नाही." पाच महिन्यांचं झाल्यावर ते माझ्याकडे पायाच्या खाजेसाठी आलं. पंजे लघवीनं पिवळे पडून सोलवटले होते. जाळीवर घासून नाकाची कातडी गेली होती. टेबलावरून खाली ठेवल्यावर ते पळालं नाही. एका जागी गोल गोल फिरत राहिलं, पिंजऱ्याच्या मापाएवढंच.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणं हा गुन्हा आहे, आणि नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा आहे. त्या घरातल्या माणसांना मी हे कलम वाचून दाखवलं. ती वाईट माणसं नव्हती, आणि त्यांना खरोखर धक्का बसला. नंतर त्यांनी गॅलरीचा अर्धा भाग जाळी लावून मोकळा केला, शेजारच्या काकूंना दुपारी दार उघडायला सांगितलं, संध्याकाळी कयाधूच्या काठानं फिरवणं सुरू केलं. पावसाळा सरत आला तेव्हा कुठे ते पिल्लू सरळ रेषेत धावायला लागलं. दिवसभर घर रिकामं असणाऱ्यांनी पिल्लू घेऊच नये, हे मी त्यानंतर आधीपेक्षा जास्त स्पष्टपणे बोलू लागले. काहींना ते आवडत नाही.

पिंजरा हा जायलाच आलेला असतो, हे पहिल्याच दिवशी घरानं मनात पक्कं करायला हवं. तो काढून त्या जागी अंथरायला वाकळ कधी द्यायची, तर दोन गोष्टी जमल्यावर. बरेच आठवडे सलग रात्री कोरड्या गेल्या पाहिजेत आणि दिसेल ते कुरतडणं थांबलं पाहिजे. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडतात आणि सातव्याच्या आसपास बेचाळीसही पक्के दात येतात. त्या काळात पिल्लाच्या तोंडाला कापड लागलं की ते संपलंच. आणि कापडापेक्षा दोऱ्याची भीती जास्त. लांब दोरा गिळला की आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि कापलंही जातं. शस्त्रक्रियेशिवाय दुसरा उपाय नसतो, आणि तीही आमच्या भागातून परभणीला नेल्याशिवाय होत नाही. म्हणून जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ पिल्लाला फार लवकर देऊ नका, असं मी सांगते. टाके सैल झालेल्या वाकळीत दोरेच दोरे असतात. छोट्या जातीची बहुतेक पिल्लं आठ महिने ते वर्ष या दरम्यान वाकळीला लायक होतात, काही त्याहून उशिरा.

जागा बदलायची नाही, वास बदलायचा नाही, हे या बदलाचं मर्म. वाकळ आधी पिंजऱ्याच्या आतच घालायची. मग पिंजऱ्याचं दार बिजागरीतून काढून टाकायचं. दिवसाची झोप तशीच होऊ द्यायची, घरात माणसं असताना. रात्री ते उठून घरभर न फिरता परत आत येऊन झोपतं, असं दिसलं की जाळी उचलायची आणि वाकळ होती तिथेच राहू द्यायची. पहिले काही दिवस कुत्रं अंदाज घेतं, पूर्वी जिथून आत शिरायचं तिथूनच वाकळीवर चढतं. हे पाहायला मला फार आवडतं. कोणी मोबाइलवर तसा व्हिडिओ पाठवला की मी तो दोन-तीनदा बघते.

मध्येच ओलं झालं तर दार परत लावायचं आणि थोडे दिवस थांबायचं, घरात कुणी नापास झालेलं नसतं. दिवाळीत मात्र पिंजरा पुन्हा मांडून ठेवा. फटाक्यांच्या आवाजानं मोठी कुत्रीसुद्धा सैरभैर होतात, आणि उघड्या दाराचा, वरून चादर टाकलेला पिंजरा तेव्हा त्यांना खरा आसरा वाटतो.

वाकळीऐवजी दिवाण किंवा पलंग देणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं असतं. छोट्या कुत्र्याचे पुढचे पाय फार नाजूक असतात. मनगटाच्या वरची दोन हाडं बारीक, आणि त्या भागाला रक्तपुरवठाही कमी. दिवाणावरून फरशीवर उडी मारली आणि पाय मोडला, अशी पिल्लं माझ्याकडे येतात, आणि मोडलेलं ते हाड जुळायला त्रास देतं. मुलांना कुत्रं जवळ घेऊन झोपायचंच असेल तर मुलांनी खाली झोपावं. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायला जातं तेव्हा कुत्र्यालाही नेतात, तिथे कठडा नसेल तर नेऊ नका. आणि वाकळ दर आठवड्याला उन्हात टाका, शिवणी उलटून बघा. गोचीड शिवणीत दडून बसतात, आणि गोचीड-तापानं पांढऱ्या पडलेल्या हिरड्या आमच्या भागात उन्हाळ्या-पावसाळ्यात नेहमी बघायला मिळतात. थंडीत मात्र पगसारख्या आखूड केसांच्या कुत्र्याला वाकळीची एक घडी अंगावर घ्यायला लागते. स्पिट्झला नाही, ते फरशीवर उताणं पडून राहतं.

जाळी निघाली की ती घरात अडगळ होते. तालुक्यात आता असे पिंजरे एका घरातून दुसऱ्या घरात फिरू लागले आहेत, आणि कोणाकडे रिकामा झाला हे बहुतेक वेळा मला माहीत असतं. देण्याआधी तो धुवायचा. पार्व्होचा विषाणू महिनोन् महिने टिकतो, साध्या साबणाला जुमानत नाही. तीस पट पाण्यात घरातलं ब्लीच मिसळून जाळी दहा मिनिटं ओली ठेवायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, कडक उन्हात वाळवायची. जुना पुठ्ठा आणि कापड जाळून टाकायचं. नवं पिल्लू आणणारं घर पिंजऱ्याची चौकशी करायला आलं की मी त्यांना एकच विचारते, रात्री उठणार कोण? त्या माणसाचं नाव कळल्यावरच मी पिंजरा कुठे आहे ते सांगते.